लाल काठाच्या चादरी

माझी मावशी रागीट आहे, हे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. का रागीट आहे, हेही माहीत होतं, पण तो विषय कुणी काढत नसे. "तिचा स्वभावच तसा," एवढं म्हटलं की हात झटकून मोकळे.

मावशी घरी इस्त्री करते. पुढच्या खोलीत लांब टेबल, त्यावर जाड ब्लँकेट आणि दोन्ही बाजूंना कपड्यांचे ढीग. काका, म्हणजे तिचा नवरा, मोठ्या लाँड्रीत गाडी चालवायचे. हॉटेलांच्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या परत पोचवायच्या. एकदा लाँड्रीतून कोऱ्या चादरींचे गठ्ठे गायब झाले. फोरमन म्हणाला, "गाडीतून गेले." गाडी काकांची. झालं, काकांची नोकरी गेली.

हा फोरमन आमच्याच मंडळीतला. पहिल्या बाकावर बसायचा, प्रार्थनेत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यानं भर मंडळीत उभं राहून काकांसाठी प्रार्थना केली, "या भावाचा हात चोरीपासून आवर." सगळे आमेन म्हणाले! पुढच्या रविवारी काका बाकावर टेकले, तशी शेजारच्या बाईनं खाली ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. आजही ती बाई दिसली की माझं डोकं फिरतं. काका चोर म्हणूनच वारले आणि त्यांच्या अंत्यविधीला याच लोकांनी क्षमेचं गाणं म्हटलं. कुणाला क्षमा? कशाची?

पुढे फोरमनला अर्धांगवायू झाला. बायको आधीच गेलेली, मुलगी दूरदेशी. आमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं की मंडळीतली घरं पाळी लावून घेतात. पुरुष आंघोळ घालतात, बायका भरवतात, अंथरूण बदलतात. पद्धत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पाळ्या पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या बायको, लावतात, गल्लीप्रमाणे. मावशीचं घर फोरमनच्याच गल्लीत, म्हणून तिचीही पाळी लागली. यात काही चुकतंय हे बाईंच्या लक्षातच आलं नाही म्हणे. कसं येईल? काका कुणाच्या खिजगणतीतच नव्हते.

"जाऊ नकोस," मी मावशीला म्हटलं.

"जाणार. येशूच्या मागे चालते म्हणवते ना? मग याच्या दारावरून वळसा घालून कशी जाऊ? पण मी हसत जाईन असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी विसरावं."

मीही मदतीला गेले. मावशीनं न बोलता त्याचं तोंड पुसलं, त्याला कुशीवर वळवलं आणि मळकी चादर लांबीनं गुंडाळत आणली. "धुतलेली कुठाय?" तिनं विचारलं.

"राहू दे. हीच बरी आहे," तो बोबडं बोलला.

मावशीनं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात घड्या न मोडलेल्या चादरींची चळत होती. पांढऱ्या, लाल काठाच्या. तो काठ लाँड्री स्वतःसाठी विणून घ्यायची, बाजारात तशी चादर मिळायची नाही. मावशीच्या घरात ते सगळ्यांना पाठ होतं.

मावशी कपाटाशी नुसती उभी राहिली. आता ही त्याचा गळा धरते, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तिनं धरावा असंही वाटलं. फोरमननं डोळे मिटून घेतले होते. तिनं वरची चादर काढली, झटकली, त्याच्याखाली अंथरली आणि एकही सुरकुती न ठेवता कोपरे खोचले.

"झोपा," ती म्हणाली. "माझ्या पाळीला हीच घालणार."

आणि घातली. प्रत्येक पाळीला. एकदा तो म्हणाला, "बाई, माफ करा."

"कशाबद्दल?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"कशाबद्दल ते सांगता आलं की बघू. आता तोंड उघडा. राग तुमच्यावर आहे, तुमच्या पोटावर नाही."

तिनं पाळकांना चादरींचं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आता तो आजारी आहे. मनातून काढून टाका. क्षमा करा."

"मी त्याचं तोंड पुसते, पाळकसाहेब. तुम्ही तुमचं काम करा."

त्या दिवसापासून मावशीनं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, घेणं सोडलं. मनात हे असताना घ्यायचं नाही, म्हणाली. प्याला आला की ती तो पुढे द्यायची. लोक कुजबुजायचे, "बघा, मनात केवढं विष!" म्हणजे चोर अंथरुणात देवमाणूस आणि विष हिच्या मनात!

मग पाळक आणि मंडळीचे एक पंच भाकर आणि प्याला घेऊन फोरमनच्या घरी आले. मावशीची पाळी होती. त्याला बसता येईना, म्हणून ती मागे बसून त्याला खांद्याशी धरून होती. भाकर मोडण्याआधी पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तुमच्यामुळे कुणी दुखावलेलं आहे का?"

या प्रश्नाला सगळे नाहीच म्हणतात. फोरमनही म्हणाला, "नाही."

"आहे," मागून मावशी म्हणाली. "परत विचारा त्यांना."

"ताई, ही काय वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. की नुसतं विचारायचं म्हणून विचारता?"

फोरमन अंगानं भारी. ती बाजूला झाली असती तर तो कोसळलाच असता. ती जागची हलली नाही.

"मी धरलंय तुम्हाला," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पडणार नाही. बोला."

तो रडायला लागला. मग तुटक, पण सगळ्यांना कळेल असं बोलला, "चादरी मी नेल्या. गाडीवाल्यानं नाही."

पाळकांनी मान खाली घातली. पंच म्हणाले, "बरं झालं, मन मोकळं झालं. आता हे या खोलीतच राहू द्या."

"माझ्या नवऱ्याला चोर ठरवताना खोली बघितली होती का?" मावशीचा आवाज चढला. "भर मंडळीत ठरवलंत. आता भर मंडळीतच सांगायचं. तोवर ती भाकर झाका. आम्ही दोघं रविवारी घेऊ."

रविवारी मावशीनंच त्याची व्हीलचेअर ढकलत पुढे नेली. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. पर्सवाली बाई रडली. मला तिची दया आली नाही. मावशीनं प्याला आधी त्याच्या ओठांना लावला, हनुवटी पुसली आणि मग त्यातूनच स्वतः प्यायली.

बाहेर पंच हसत पुढे आले. "चला ताई, आता राग गेला ना?"

"नाही. त्यांना क्षमा केली. राग आहे अजून, पण ते निदान बोलले. आमेन तुम्ही सगळे म्हणाला होतात. तुम्ही कधी बोलणार?"

पायऱ्यांवर बरीच माणसं होती. जो तो खाली बघत पायऱ्या उतरायला लागला.

मावशीनं व्हीलचेअर वळवली. "चला," ती फोरमनला म्हणाली. "यांचं होईल तेव्हा होईल. आपल्याला अंथरूण बदलायचंय."

"तीच चादर?" त्यानं भीत भीत विचारलं.

"त्या चादरी लाँड्रीत परत गेल्या," ती खेकसली. "आज माझ्या घरची आणलीय."