नकाशातला हिरवा तुकडा

आमचं शेत खाडीला लागून. एका बाजूला भरतीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मधे मातीचा बांध. बांध साऱ्या गावाचा. उधाणाच्या आधी आमच्या घरच्या माणसानं उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दरवाजावर, उभं राहून हाळी द्यायची आणि घरटी एका माणसानं फावडं घेऊन यायचं, अशी रीत. बाप हाळी द्यायचा, त्याच्यामागं मी. शाळा चौथीतच सुटली, पण माझ्या आवाजावर अख्खं गाव चिखलात उतरायचं. हा मान मी कुणाला दिला नाही. मुलालाही नाही. तो पनवेलला कंपनीत असतो, त्याला नकोच होता.

मागल्या वर्षी कळलं, खाडीकाठची सगळी जमीन सोलरसाठी निवडली. निवडायला कुणी आलंच नव्हतं. कॉम्प्युटरवरच्या नकाशानं निवडली म्हणे. बाकीच्यांनी भाड्यानं द्यायला होकार दिला. त्यांना दोष देत नाही, पोरं कुणाची राहिलीत शेतात? मी सही केली नाही. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, नांगराला तुम्ही एकटेच उरलात, हट्ट कशाला? मी फोन ठेवला आणि मिनीडोर रिक्षा धरून अलिबागच्या कचेरीत गेलो.

तिथं एक बाई होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. मला हे जड गेलं, कारण मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी खाडी ओळखली, मग उघाडी ओळखली. आमची सगळी जमीन पिवळी. पिवळं म्हणजे योग्य, असं त्या म्हणाल्या. सपाट आहे, ऊन भरपूर, रस्ता जवळ, विजेची लाइन जवळ, आणि पडीक.

"पडीक कोण म्हणतं?"

"वरून काढलेल्या फोटोत तसंच दिसतं, आजोबा."

फोटो उन्हाळ्यातला होता. खारी जमीन उन्हाळ्यात पांढरी पडते, भेगाळते, हे खोटं नाही. मी म्हटलं, श्रावणातला लावा. त्या बराच वेळ शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, पावसात वर ढग असतात, खालचं काही दिसत नाही, तसले फोटो वापरतच नाहीत. आमचं पीक एकच, तेही ढगांखालीच वाढतं. आभाळ मोकळं होतं तोवर कापणीला हात लागलेला असतो. म्हणजे एवढी वर्षं राबलो ते वरून कुणाला एकदाही दिसलं नव्हतं. दाखवायला म्हणून खिशात आमच्या तांदळाची पुरचुंडी नेली होती. ती काढलीच नाही.

बाईंनाच माझी दया आली असावी. मालकाची हरकत असेल तर तेवढा तुकडा वगळता येतो, म्हणाल्या. अर्जही त्यांनीच लिहिला. मग बटण दाबलं, आणि माझा तुकडा हिरवा झाला. तीन बाजूंना पिवळं, चौथीला खाडी.

"झालं समाधान?"

झालं, म्हटलं. ताठ मानेनं घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

यंदा सोलरच्या प्लेटा बसल्या. त्याआधी कंपनीनं आपल्या भागात कमरेएवढा भराव टाकला. त्या उंचीवर खारं पाणी पोचत नाही. माझं शेत मात्र खाली राहिलं, वाटीच्या तळासारखं.

ज्येष्ठातल्या अमावास्येच्या आधी बांध फुटून खांड पडू लागली. मी उघाडीवर उभा राहिलो आणि हाळी दिली. थांबून परत दिली. प्लेटांच्या गेटवरच्या वॉचमननं मान वर केली, खाली केली. रस्त्यानं जाणारा एक शेजारी थांबला. म्हणाला, "दादा, आमची जमीन आता भरावाखाली. बांध कुनासाठी घालू?" वाकडं बोलला नाही. एवढं बोलून तो गेला.

बऱ्याच वेळानं बायको आली, डोक्यावर घमेलं घेऊन. गुडघे धरून चालणारी बाई. मी ओरडलो, तू कशाला आलीस?

"घरटी एक मानूस ना? तुमी हाळी देनारे. आपल्या घरचं मानूस मी."

मी फावड्यानं चिखल काढत होतो, ती खांडीत टाकत होती. टाकलेला चिखल पाणी घेऊन जात होतं. दुपारी भरती चढली. पाणी धावून आलं नाही. हळूहळू भेगांमधून आत शिरलं आणि जमीन ते पीत राहिली. बायको घमेलं उपडं घालून त्यावर बसली. पलीकडं प्लेटा उन्हात चमकत होत्या, कोरड्या.

"कचेरीत परत जायचं का?" तिनं विचारलं.

"जाऊन काय सांगू? त्यांच्या नकाशात आपला तुकडा हिरवाच हाय."