गणपतीतला पऱ्या

बहरीनच्या मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये शंभू घडशीने बोटींचे किती पंप उघडून परत बसवले, याची गणती नाही. पाणी कुठे अडतंय, कुठे हवा ओढतंय, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यामुळे संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या घरामागच्या पऱ्यावर, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर, वीज तयार करायचं त्याच्या डोक्यात आलं, तेव्हा त्यात आपलं काही चुकेल असं त्याला वाटलंच नाही.

तेविसाव्या वर्षी तो बहरीनला आला, आणि आता त्याला शेहेचाळीस पूर्ण झाली होती. हूरा भागात तिघांत एक खोली, शुक्रवारी सुट्टी, वर्षाकाठी एक महिन्याची रजा. आता त्याला घरी जायचं होतं, कायमचं. घरी गेल्यावर करायचं काय, हेही ठरलेलं होतं. पडवीत घरघंटी बसवायची आणि शेजारी एक वेल्डिंगची खोली काढायची. अडचण एकच होती. वाडीतली लाईन पावसात आठ-आठ दिवस जायची, आणि असायची तेव्हाही मोटर फिरवण्याइतका दाब नसायचा. म्हणून पऱ्याची वीज. ती झाली तर परत जायचं, नाही तर नाही, इतकं सरळ होतं ते.

२०२३च्या गणपतीत त्याने मापं घेतली. चढावर पाणी अडवायची जागा आणि घरामागचा कट्टा यांत अठरा मीटरचा उतार निघाला. वीस लिटरची बादली धारेखाली धरली, ती चार सेकंदांत भरली. त्याने तीनदा भरून पाहिली आणि तिन्ही आकडे वहीत लिहिले. रात्रंदिवस चारशे वॉट मिळत राहिले, तर बॅटऱ्या भरून घर चालेल आणि दिवसातून दोन-तीन तास घरघंटीही. पावसानंतर पाणी कमी होणार, हेही त्याने धरलं होतं. त्याच्या लहानपणी शिमग्यापर्यंत त्या पऱ्यात म्हशी बसायच्या. निम्मं धरू, असं म्हणून त्याने निम्मं धरलं.

पाण्याने फिरायचं चक्र त्याने मोबाईलवरचे व्हिडिओ बघून, त्यातल्या माणसांना शंका विचारून बहरीनमध्येच बनवलं. बाब अल बहरीनच्या बाजारातून स्टीलच्या छत्तीस वाट्या आणल्या, त्या जोडीजोडीने कापून चाकाच्या कडेला वेल्ड केल्या आणि वीज काढायला भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर मागे लावली. मग बोटी धुवायच्या पाइपाचा फवारा त्यावर सोडला. बल्ब लागला.

जमालुद्दीन दारात उभा राहून बघत होता. तो ऑफिसात व्हिसा-रजेचे कागद सांभाळायचा, मूळचा दापोलीकडचा, वयाने मोठा.

"इथे प्यायचं पाणी समुद्रातून काढतात," तो म्हणाला, "आणि तू पाण्यातून वीज काढतोस. वाट्या तरी जेवायच्या सोडायच्यास."

"हसा, जमालभाई. पुढच्या मार्चमध्ये व्हिसा संपतो ना, तेव्हा माझा कागद भरू नका."

"इंशाल्ला. आधी घरी तर लागू दे."

२०२४च्या गणपतीत ते घरी लागलं. शंभूने चक्र कपड्यांत गुंडाळून बॅगेतून नेलं, काळा पाइप चढावरून खाली आणला, आणि चवथीच्या आदल्या दिवशी मखराचे सगळे दिवे पऱ्यावर लागले. त्याच संध्याकाळी वाडीतली लाईन गेली. सगळी वाडी त्याच्या अंगणात येऊन बसली. बहरीनला परतल्यावर त्याने जमालुद्दीनला व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "खलास. आता मार्च."

डिसेंबरात त्याच्या बायकोचा, स्वप्नालीचा फोन आला. दिवे मंद झालेत म्हणाली.

"जाळीत पाला अडकला असेल," शंभू म्हणाला. "वर जाऊन काढ."

ती चढून गेली आणि पाला काढून आली. दिवे तसेच. मग त्याने तिला पाइपातली हवा काढायला लावली. मग तोटीचं तोंड बदलायला लावलं, मग बेअरिंगला ग्रीस, मग वायरींचे सांधे. दर शुक्रवारी सकाळी व्हिडिओवर एक नवा उपाय निघायचा, आणि ती एका हातात फोन धरून चढावर जायची. शंभू इथून ओरडायचा, "डावीकडे, डावीकडे, अगं ते नाही." बाकीचे दोघे खोलीतून निघून गॅलरीत जाऊन बसायचे.

"अहो, पाणीच कमी आहे," ती म्हणायची.

"निम्मं मी धरलंय. तू वायर बघ."

१० जानेवारीच्या शुक्रवारी तिने वायर बघितली नाही. फोन कठड्यावर टेकवून ठेवला आणि वीस लिटरची बादली पाइपाखाली ठेवली.

"घड्याळ लावा," ती म्हणाली.

शंभूने घड्याळ लावलं. वीस सेकंद झाले, चाळीस झाले. बादली तिसरा हिस्साही भरली नव्हती. एक मिनिट झालं. बादली भरली तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते.

"असं कधीपासून होतं?"

"वरचं रान तोडलं तेव्हापासून. दहा-बारा वर्षं झाली. होळीपासून मी धुणं विहिरीवर नेते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुमच्या त्या व्हिडिओतल्या माणसांना विचारलंत, जमालभाईंना विचारलंत. मी रोज तिथे धुणं धुते." तिने बादली रिकामी केली. "तुम्हाला गणपतीतलाच पऱ्या माहीत आहे. बाकीचा तुम्ही बघितलाय कुठे?"

त्याने मनातल्या मनात रजा मोजल्या. सगळ्या भाद्रपदात. लग्नाच्या वर्षी तेवढा तो मे महिन्यात गेला होता, पण तेव्हा नवऱ्यामुलाने पऱ्याकडे बघितलं असण्याची शक्यता नव्हती. तीन वेळा मोजलेले तीन आकडे वहीत अजून होते. तिन्ही बरोबर होते, याचाच त्याला राग येत होता. त्याने वही मिटून पलंगाखाली ढकलली.

फेब्रुवारीत जमालुद्दीनने व्हिसाचा कागद पुढे केला. या वेळी तो हसला नाही.

"दोन वर्षं?"

"दोन," शंभू म्हणाला आणि सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटली.

"आणि रजा नेहमीची. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून."

"नाही. एप्रिल."

जमालुद्दीनने मान वर केली. "गणपती?"

"मला पऱ्या चैत्रात बघायचाय. वर रानात कुठे बारमाही झरा राहिलाय का, तेही."

"बावीस वर्षं तुझ्या गणपतीच्या रजा मीच लिहिल्यात," जमालुद्दीन म्हणाला, आणि कागदावर एप्रिल लिहिलं.

त्या शुक्रवारी शंभूने घरी सांगितलं. मूर्ती कोण आणणार, आरतीला कोण उभं राहणार, हे स्वप्नालीने विचारलं नाही.

"मोजायची बादली तडकलीये," ती म्हणाली. "येताना वाटेत देवरुखला नवी घ्या. छोटी घ्या. मोठीचं काही काम नाही."