दोन नंबरचा गुटका

रविवार, ९ नोव्हेंबर. वेळ सकाळी ०७३०. ठिकाण भाईंदरजवळचे मुर्धा, खाडीच्या बाजूची पाटीलकाकांची जागा.

हजर: मी, फौजेतला निवृत्त हवालदार, वय बावन्न. माझी पत्नी सुरेखा. जागेचे मालक हरिश्चंद्र पाटील, आम्ही त्यांना काका म्हणतो. गोडदेवचे मेकॅनिक सलीमभाई. ट्रक दोन: एक नंबर आणि दोन नंबर.

गैरहजर: नायक दत्ताराम, माझा को-ड्रायव्हर, गाव गुहागरकडे.

त्या दिवशी काम एकच होते. दोन्ही ट्रक भंगारात विकायचे की दुरुस्त करायचे, हे ठरवणे. काकांची जागा बिल्डरकडे चालली होती. मुदत तीस तारखेची.

हे ट्रक मी निवृत्तीनंतर सैन्याच्या लिलावात घेतले. सैन्यात यांना थ्री टन म्हणतात. भाईंदरमध्ये इमारती उठत होत्या तेव्हा त्यांनी भरणीची माती वाहिली, रॅबिट म्हणजे पाडकामाचा राडारोडा वाहिला, मीठही वाहिले. मग त्यांचे वय झाले, कागद संपले, आणि पाच वर्षे ते इथे खाऱ्या हवेत उभे राहिले.

"घरातला फ्रिज बंद पडला तर दुसऱ्या दिवशी काढलात," सुरेखा म्हणाली. "आणि ही लोखंडं पाच वर्षं सांभाळताय."

"फ्रिजची नोकरी झाली होती का फौजेत?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हवालदार, माजे हातान आता काय न्हाय. पोरांनी सही केली. जागा मोकली करून दे बाबा."

सलीमभाई एक तास दोन्ही गाड्यांखाली सरपटत होते. बाहेर आले ते हात पुसतच.

"सुनो हवालदार साब. एक नंबर का इंजन बढिया है, चेसिस सड गया. दो नंबर का चेसिस अच्छा है, इंजन खतम. दोनों नहीं बचेंगे. दो की एक बनेगी, बॉडी किसी की भी चढेगी. बोलो, कौन सी काटूँ?"

मी वहीत लिहून घेतले. उत्तर मात्र लगेच दिले नाही. त्याचे कारण सांगायला मागे जावे लागेल.

तेव्हा आमची ट्रान्सपोर्ट प्लाटून उत्तरेकडच्या उंच डोंगरात होती. खालच्या कॅम्पमधून वरच्या चौक्यांना राशन आणि केरोसीन पोचवणे हे काम. ०४०० ला उठणे. ०४३० ला फर्स्ट पेरेड, म्हणजे गाडी सुरू करण्यापूर्वी तेल, पाणी, हवा, लाइट तपासणे. ०५३० ला कॉन्व्हॉय सुटायचा. प्रत्येक गाडीत दोघे. स्टिअरिंगवर ड्रायव्हर, डाव्या सीटवर को-ड्रायव्हर.

चढावर गाडी थांबली की को-ड्रायव्हर उडी मारून मागच्या चाकाखाली गुटका लावतो. गुटका म्हणजे तिकोनी लाकडी ठोकळा. तो नीट बसला की ओरडायचे, "लागला, उस्ताद!" आणि पुढे येऊन दारावर दोन थापा मारायच्या. थापा ऐकेपर्यंत ड्रायव्हरने सीट सोडायची नाही, ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. निघताना उलटे. ड्रायव्हरने हुकूम द्यायचा, मग गुटका काढायचा. "निघाला, उस्ताद!" आणि दोन थापा. दुसऱ्या कोणी गुटक्याला हात लावायचा नाही.

दत्ताराम माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो एकदा सुट्टीवरून आला. बाकीच्यांनी लाडू, चिवडा, आंब्याचे लोणचे आणले होते. याच्या ट्रंकेत लाकडाचा ठोकळा.

"ऐनाचा हाय, उस्ताद," तो म्हणाला. "बापाशीने तासून दिला. सरकारी गुटका भुसभुशीत."

मेसमध्ये आठवडाभर त्याची टर उडाली. लग्नात बाशिंगाऐवजी हाच कपाळाला बांध, असे लोक म्हणायचे. तो म्हणायचा, "बांधीन. निदान बायको उतारावर जायची नाही."

निवृत्तीनंतर काय करायचे, हेही त्याने ठरवून टाकले होते. लिलावात दोन थ्री टन घ्यायच्या. एक नंबर तुमची, दोन नंबर माझी. मी विचारले, माझी एक नंबर का? तो म्हणाला, "तुम्ही उस्ताद ना. मी मागनं गुटका घेऊन येतो."

त्या दिवशी आमची गाडी कॉन्व्हॉयमध्ये सहावी होती. केरोसीनचे जेरीकॅन भरलेले. मागच्या सातव्या गाडीत सुट्टीवरून परतणारे अठरा जवान. दुपारी १४०५ ला पुढे दरड कोसळली. रेडिओवर सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"ऑल स्टेशन्स, रोड ब्लॉक. जहाँ हो वहीं रुको. गुटका लगाओ. ड्रायव्हर सीट नहीं छोडेगा. ओव्हर."

"सिक्स. रॉजर. आउट."

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. चाके थांबली, गाडी थांबली नाही. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. बंद चाकांनी ती मागे घसरू लागली. मागच्या गाडीचे अंतर तीस पावले.

दत्ताराम उतरला होता. दरी डाव्या बाजूला, म्हणजे त्याच्याच बाजूला. पहिल्यांदा गुटका चाकासकट घसरला. मग त्याने मागून जेरीकॅनवरचे गोणपाट ओढले, बर्फावर टाकले आणि त्यावर गुटका लावला. हे मला नंतर सातव्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितले. मला फक्त धक्का जाणवला. गाडी थांबली. वेळ १४११.

"लागला, उस्ताद!"

आवाज स्वच्छ होता. मी श्वास सोडला आणि थापांची वाट पाहू लागलो.

थापा आल्या नाहीत. डाव्या आरशात फडफडणारी ताडपत्री दिसत होती, बाकी काही नाही. मला वाटले, गोणपाट नीट करत असेल. मी हाक मारली. उत्तर नाही. पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर, मी सीटवर बसून राहिलो. नियम तसा होता आणि हुकूमही तसाच होता. १४१५ ला मागचे जवान धावत आले तेव्हा मला कळले, की रस्त्याची कड त्याच्या पायाखालून गेली होती, त्याला दरीत घेऊन.

चार मिनिटे.

चौकशी झाली. माझा दोष निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, चार मिनिटांनी फरक पडला नसता. मी ते लिहून घेतले. माझ्या वहीत झालेल्या कामापुढे खूण करायची सवय आहे. त्या ओळीपुढे अजून खूण नाही.

गुटका जागेवरच होता. फौज सोडताना मी सगळे सामान जमा केले, गुटका जमा केला नाही. तो सरकारी नव्हता.

पुढे लिलावात मी एक ट्रक घ्यायला गेलो आणि दोन घेतले. दोन नंबर शेवटची उभी केली त्या दिवशी तिच्या डाव्या मागच्या चाकाखाली तो ऐनाचा गुटका मीच लावला. तेव्हापासून तो तिथे आहे.

"बोलो साब," सलीमभाई म्हणाले. "कौन सी?"

"एक नंबर कापा," मी म्हणालो. "माझी आहे."

सुरेखाने माझ्याकडे पाहिले.

पुढच्या आठवड्यात एक नंबर गेली. इंजिन काढून सलीमभाईंच्या गॅरेजात ठेवले, बाकीचे भंगारवाल्याने नेले. काकांनी तिच्या जागेवर दबलेल्या गवताकडे बोट दाखवले. "बग, सांगाड्याचा छाप उठलाय."

रविवार, २३ नोव्हेंबर, ०८०० ला दोन नंबर टोचन करून न्यायची होती. सलीमभाई पुढच्या गाडीत. मी दोन नंबरच्या स्टिअरिंगवर. सुरेखा म्हणाली, गुटका ती काढेल.

"काय ओरडायचं असतं?"

"निघाला, उस्ताद. मग दारावर दोन थापा."

"म्हणजे शेवटी मला उस्ताद म्हणायला लावलंतच," ती म्हणाली आणि पदर खोचून मागे गेली.

मी चढून बसलो. पाय ब्रेकवर गेला. आरशात ती चाकापाशी वाकलेली दिसत होती, हात गुटक्यावर. या वेळी आरशात माणूस दिसत होते. हुकूम माझा होता, दोन शब्दांचा: गुटका निकालो.

"हवालदार साब, चलें?" सलीमभाई पुढून ओरडले.

मी थांबलो. चार मिनिटे झाली असतील. मग दार उघडून खाली उतरलो. सलीमभाईंनी साखळी सोडली. सुरेखाने हात झटकले आणि म्हणाली, "मी आहेच. सांगाल तेव्हा."

जागा मोकळी करायची म्हणून वहीत केलेल्या यादीत सात कामे होती. सहा झाली. सातवे: दोन नंबरचा गुटका काढून ती हलवणे. मुदत तीस तारखेपर्यंत. बाकी.