विमान रद्द झाल्याचं पत्र

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, विमान कंपनीच्या काउंटरवर एकोणीस वर्षं उभ्या होत्या. उभ्या म्हणजे अक्षरशः. समोर प्रवासी असताना बसायचं नाही, असा नियमच होता. घरी आल्या की आधी पाय गरम पाण्याच्या बादलीत, मग बोलणं. "आज किती जणांनी माझा उद्धार केला, मोजायचंच सोडलं," म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळचं विमान रद्द झालं. वैमानिकाचे ड्यूटीचे तास भरले होते आणि बदलीला माणूसच ठेवलेला नव्हता. रांगेत बोटीवरचा एक आचारी होता. विमान उतरायचं त्या गावच्या बंदरातून त्याची मालवाहू बोट दुपारी चारला सुटायची होती.

"बाई, बोट काही माझ्यासाठी थांबत नाही."

"उद्या सकाळच्या विमानात जागा देते."

"उद्या जाऊन काय, नुसता समुद्र बघू?"

वन्संना हसूसुद्धा आलं नाही. विमानापुरती जबाबदारी आमची, पुढचं तुमचं तुम्ही बघा, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या तेच बोलल्या.

आचारी भांडला नाही. बॅग खाली ठेवून म्हणाला, "मग चूक माझी नव्हती, एवढं तरी लिहून द्या. नाहीतर बोटवाले मला बेभरवशाचा ठरवतील. पुन्हा बोलावणार नाहीत."

पत्रात 'अपरिहार्य कारणामुळे' एवढंच लिहायचं, अशी साहेबांची ताकीद होती. वन्संनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. लिहिलं : वैमानिक उपलब्ध नसल्याने विमान रद्द, प्रवासी दोन तास आधी हजर होता. खाली सही केली, शिक्का मारला.

पंधरा दिवसांत बोट कंपनीने तेच पत्र जोडून विमान कंपनीला जाब विचारला. साहेबांनी वन्संना उचलून हरवलेल्या सामानाच्या बिनखिडकीच्या खोलीत टाकलं.

मी चिडले. "वन्सं, कशाला हे नसतं लचांड गळ्यात घेतलंत?"

"अगं, धाडस-बिडस काही नव्हतं ते," त्या पोटऱ्या चोळत म्हणाल्या. "दमले होते. खोटं रेटायलाही अंगात जोर लागतो."

महिन्याभराने आचाऱ्याचा काउंटरवर फोन आला, दुसऱ्या बोटीवर घेतलं म्हणून. तिथल्या मुलीने निरोप आणून दिला. वन्सं "बरं झालं" म्हणाल्या आणि एका बेवारशी बॅगेवरचा पुसट पत्ता वाचायला लागल्या. त्याच खोलीतून तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला साहेब फिरकले नाहीत.