वन्संच्या लोकरीच्या माळा

सुन्वाला रंगांचं वावडं होतं असं नाही; तिला किळस होती ती उरल्यासुरल्या रंगांची. फेरो बेटांवरच्या मेंढ्यांच्या अंगावर जे रंग येतात, करडा, तपकिरी, काळा, पांढरा, तेवढ्यांतच ती स्वेटर विणायची, आणि गावात तिच्या विणीला तोड नव्हती. अशा बाईच्या नशिबी नणंद यावी ती एल्सपा.

एल्सपा लोकांच्या विणकामातून उरलेल्या लोकरीच्या शोभेच्या वस्तू करायची. गुलाबी आणि विषारी हिरव्या गोंड्यांची माळ. कुंडीला पट्ट्यापट्ट्यांचा झगा. उकडलेलं अंडं गरम राहावं म्हणून त्यावर टोपीसारखी घालायची नारिंगी चोचीची कोंबडी, जिच्याकडे बघितलं की सुन्वाच्या तोंडात घास फिरायचा. दर नाताळला, दर वाढदिवसाला नवी भर. दान्यल, म्हणजे सुन्वाचा नवरा, बहिणीने आणलेलं स्वतः खिळे ठोकून टांगायचा, वर शीळ घालायचा. वन्संची पाठ वळली की सुन्वा ते सगळं मेलेला उंदीर उचलावा तसं दोन बोटांनी उचलून मासळीच्या खोक्यात टाकायची आणि खोकं मागच्या अंगणातल्या खोपीत ढकलायची. वन्सं येणार म्हटलं की खोकं पुन्हा घरात.

शरद ऋतूत दान्यल गेला. घर सुन्वाला खायला उठलं. जन्मात कुणापुढे न वाकलेली ती बाई शेवटी उतार उतरून नणंदेच्या दारात उभी राहिली. "वन्सं, माझ्याकडे राहायला या. एकटीला घास गिळवत नाही."

"रविवारी येते," एल्सपा म्हणाली. "करमलं तर राहीन."

रविवारी सुन्वाने दातओठ खात सगळं टांगलं, खिडकीत, दारावर, शेगडीच्या वर. कोंबडीसुद्धा मांडली. मग शेगडी पेटवली, आणि दिवाणखान्यात असा भपकारा सुटला की तिला ओकारी आली. दुःखात एक गोष्ट तिच्या ध्यानातच राहिली नव्हती. खोपीत, तिकडच्या रीतीप्रमाणे, मटण आंबवायला टांगलेलं होतं. फटींतून येणाऱ्या वाऱ्यावर ते शरदभर आंबत होतं, आणि खाली उघड्या खोक्यातली लोकर तो वास पीत बसली होती. ताटात त्या वासाने तोंडाला पाणी सुटतं. गुलाबी गोंड्यांतून आला की आतडी पिळवटतात. ती खिडकी उघडायला धावली, तोच एल्सपा दारात.

एल्सपाने नाक वर केलं. एक माळ हातात घेतली, हुंगली. फेरोच्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

"खोपीत ठेवतेस होय गं?"

सुन्वाला खोटं सुचेना. आता ही पाठ फिरवणार आणि पुढचे सगळे हिवाळे आपण एकटीने काढायचे, हे तिला स्वच्छ दिसलं.

"शिसारी येते मला त्यांची, वन्सं. पहिल्यापासून."

"मलाही," एल्सपा म्हणाली. "डोळे फुटायची वेळ यायची ते रंग गुंफताना. माझ्या घरात एक तरी माळ बघितलीस कधी?"

सुन्वाने आठवून पाहिलं. एल्सपाच्या भिंती कोऱ्या होत्या.

"मग करत कशाला होतात?"

"दान्यल पिशवी भरून आणायचा ना! 'सुन्वाने विणकाम मंडळातून जमवलंय, तुझ्या हातचं फार आवडतं तिला.' मी आपली करायची. आणि केलं की द्यायला हा चढ चढून यावंच लागायचं."

"मी एक धागा पाठवला नाही कधी!"

"ते आत्ता कळतंय मला. लबाड कुठला!" एल्सपा माळेकडे बघत राहिली. "नाहीतर मी तुझ्या घरात पाऊल तरी टाकलं असतं का, सुन्वा? आणि तू टाकू दिलं असतंस?"

एल्सपाने कोट काढून खुंटीला लावला, बाह्या सारल्या आणि माळा ओढून काढायला सुरुवात केली.

"ती कोंबडी आधी फेक बाहेर. मळमळतंय."

"ती राहू द्या," सुन्वा म्हणाली, आणि नाक दाबून धरलेलं असतानाच तिला रडू फुटलं.