सोडियम एकशे चौदा

नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करून कमलिनीबाई मोकळ्या झाल्या, तोवर नवऱ्याची दुखणी सुरू झाली. राघोत्तमराव सोलापूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी चेन्नईत आलेले. निवृत्तीनंतरही दोघं तिथल्याच तिरुवल्लिकेणी भागात राहिली. राघोत्तमरावांना शौचातून रक्त जाऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडं तपासायचं ठरवलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पाण्यात कालवून प्यायचं होतं.

"नुसतं खारट आहे गं," म्हणत राघोत्तमराव प्रत्येक घोटावर साधं पाणी पीत राहिले. जेवण बंद, संडासच्या फेऱ्या चालू. कमलिनीबाई तांब्या भरून देत होत्या. पाणी कमी पडू देऊ नका, एवढंच त्यांना सांगितलेलं. ब्लडप्रेशरची, लघवी वाढवणारी गोळीही त्यांनी नेहमीसारखी दिली.

सकाळी राघोत्तमरावांनी विचारलं, "कमल, गाडी कुठल्या फलाटावर लागलीय?"

"अहो, घरात आहात तुम्ही."

उपाशीपोटी बरळतायत, असं कमलिनीबाईंना वाटलं. शर्टाची बटणं लावून देताना मात्र राघोत्तमरावांचे हातपाय ताठले, डोळे फिरले.

"सोडियम एकशे चौदावर आलंय. एकशे पस्तीसच्या वर हवं," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "जुलाबात मीठ गेलं, वर साधं पाणी, त्यात ती गोळी."

"गोळी मीच दिली."

"बंद करायला आम्ही सांगायला हवं होतं."

सलाइनमधून सोडियम हळूहळूच वाढवायचं होतं. घाई केली तर मेंदूला धोका. पेरुंगुडीच्या ऑफिसातून लेक अवनी धावत आली, पण कमलिनीबाई बाकावरून हलल्या नाहीत. आपल्याच हातांकडे बघत बसल्या.

तिसऱ्या दिवशी राघोत्तमरावांनी कॉफी मागितली आणि ती पाणचट आहे म्हणून कुरकुरही केली. तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

तपासणी अजून व्हायचीच होती. कुठलं औषध, किती पाणी, कुठली गोळी बंद, हे सगळं त्यांनी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं आणि कागद अवनीला दिला.

"या खेपेला रजा तू काढ. मला नाही झेपायचं."

आयुष्यात असं त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. अवनीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "काढते, आई."

तीन आठवड्यांनी तपासणी नीट पार पडली. आतड्यातली छोटी गाठ काढली. ती कर्करोगाची दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगायला अवनीने इस्पितळातून घरी सात वेळा फोन केला. कमलिनीबाई गाढ झोपल्या होत्या.