पांढऱ्या पिनेला कुंकू

घर आवरताना बऱ्याच वस्तूंचं काय करायचं ते लगेच ठरलं. यांचे कपडे दीर घेऊन गेले. चष्मा मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. उरलेली औषधं टाकून दिली. टेपची वायर मात्र अजून खुंटीवरच आहे. दोन हात लांब, वरून काळं जाळीदार कापड विणलेली, दोन्ही टोकांना दोन-दोन पिना, एक लाल आणि एक पांढरी. टेपमधला आवाज अॅम्प्लिफायरपर्यंत पोचवायचा एवढंच तिचं काम. "एवढंच" हा शब्द यांना अजिबात चालला नसता.

हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मी शाळेच्या ग्रंथालयात. माझ्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही आणि यांच्या खोलीत कितीही ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. मागाचं दुखणं हे कानानं शोधत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाच्या लोखंडाला टेकवायचं, त्याची मूठ डाव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. उजवा हात मागाच्या दांड्यावर हवा, म्हणून कान कायम डावा. कुठलं बेअरिंग गेलंय, कुठला दात झिजलाय, हे ते उभ्याउभ्या सांगत. मालकही त्यांचं ऐकून मग माग खोलायला लावी.

संध्याकाळी घरी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि टेप लावायचा. खोक्यासारखे दोन मोठे स्पीकर त्यांनी ओळखीच्या सुताराकडून करून घेतले होते. त्यांच्याखाली कारखान्यातले नापास टॉवेल घडी करून घातलेले आणि वर धूळ बसू नये म्हणून एकाच चादरीचे दोन तुकडे. समोर यांची खुर्ची. त्या वेळात मी स्वयंपाकघरात पुस्तक वाचत भाकरी करत असे. एक-दोन करपायच्या.

चाळिशी उलटल्यावर कधीतरी हे म्हणू लागले की टेपला पूर्वीची धार राहिली नाही. तंबोरा कमी झालाय. मग टेपचं हेड साफ झालं, कॅसेटी बदलल्या, तरी तंबोरा काही परत येईना. तेव्हा यांनी निदान केलं की आवाज वायरीत गळतोय. दुकानातून एक वायर आली, सहा महिन्यांनी तिच्यापेक्षा जाड दुसरी आली. मी डावीकडून हाक मारली की हे उजवीकडे बघत, हे माझ्या लक्षात आलं होतं. एकदा जेवताना म्हटलंही, की कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या. ते भाताकडे बघत म्हणाले, "माझ्या कानावर वीस माग चालतात." त्यात राग नव्हता. जॉबरचा कान गेला तर त्याच्याजवळ नुसती पान्यांची पिशवी उरते, हे मलाही कळत होतं. मी पुन्हा विषय काढला नाही.

मग पुण्याहून ही वायर आली. दागिन्यासारखी मखमली डबीत. पावती यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला टाकला, त्यामुळे मला आकडा कळला. त्या महिन्यात आम्ही बाकी काहीच नवीन घेतलं नाही, एवढंच सांगते.

त्या वायरीनं आमच्या घराला जितकं हसवलं तितकं दुसऱ्या कशानं हसवलं नाही. डबीवर लिहिलं होतं की आतलं तांबं ऑक्सिजन काढून टाकलेलं आहे. धाकटे दीर एसटीत कंडक्टर होते. त्यांची जीभ तिकिटाच्या मशीनसारखी चालायची. ते म्हणाले, ऑक्सिजनच काढला म्हणजे वायर जन्मताच गेलेली, दादा, आधी तिचा तेरावा घाला. वायरीवर बारीक बाण छापले होते, आवाज याच दिशेनं वाहतो म्हणे. दिरांनी विचारलं, उलटी लावली तर गाणं परत गवयाच्या घशात जातं का? हे गंभीरपणे उत्तरं देत. मुलांना शिकवावं तसं तांब्याबद्दल सांगत, वायर चांगली असली की गवई दोन खोक्यांच्या बरोबर मधे बसल्यासारखा ऐकू येतो म्हणत. ते जितकं समजावत तितके आम्ही जास्त हसत असू, आणि मीही त्यात होते.

सासूबाई नातेपुत्याकडच्या. त्यांना फक्त एकच गोष्ट कळली, की पिनांना सोन्याचं पाणी आहे. त्या म्हणाल्या, "सोन्याचं हाय म्हंतोस, मग बायकोच्या गळ्यात घाल की. तिथं तरी दिसंल."

पण सोनं म्हटल्यावर त्यांच्या वागण्यात फरक पडला. वायरीवरून ओलं फडकं फिरवायला त्यांनी मला मनाई केली. त्या वर्षी खंडेनवमीला यांचे पाने, स्क्रूड्रायव्हर, मागावरचा एक जुना धोटा अशी हत्यारं पाटावर मांडली होती. सासूबाईंनी वायर स्वतः सोडवून आणली आणि वेटोळं करून मध्ये ठेवली. तेही त्याचं हत्यारच, म्हणाल्या. मग एकेका हत्याराला ओली हळद, ओलं कुंकू. वायरीच्या पांढऱ्या पिनेला त्यांनी बोट भरून दोन्ही लावलं, अगदी आतल्या खळगीपर्यंत. लाल पिनेला काहीच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिला जन्मताच कुंकू हाय की. ही पांढरी बिचारी रिकामी दिसतीया."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला हत्यारं उचलली. दीर आपट्याची पानं घेऊन आले. यांनी वायर वरवर पुसली, जागेवर बसवली आणि सगळ्यांना समोर बसायला लावलं. पूजा झालेल्या वायरीवर आज मन लावून ऐका, एकही विनोद नको, असं दिरांना बजावलं. दिरांनी मान डोलावली, पण त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी तयार होतं.

टेप सुरू झाला. डावा खोका मुका होता. सगळं गाणं उजव्या खोक्यातून, एका अंगानं येत होतं. सासूबाईसुद्धा नकळत उजवीकडे वळल्या. पांढरी पिन डाव्या खोक्याची, तिच्यात वाळलेली हळद अडकलेली, वीज जाणार कुठून? मला ते क्षणात उमगलं आणि मी हसण्याच्या बेतात होते.

हे डोळे मिटून उभे होते. चेहरा असा की मला लग्नातला आठवला. उजवा हात पुढे करून त्यांनी दोन खोक्यांच्या बरोबर मधली रिकामी जागा दाखवली. "बघ," ते दिरांना म्हणाले, "गवई हितं बसलाय. मधोमध."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभरात त्यांना इतका सोपा विनोद कधी मिळाला नसेल. मला वाटलं, आता सगळं संपलं. हे डोळे उघडतील, दीर खोक्याला कान लावतील, आणि वीस मागांचा कान सगळ्यांसमोर उघडा पडेल. दिरांच्या हातातली आपट्याची पानं चुरगळली गेली होती.

"व्हय दादा," ते म्हणाले. "मधोमधच बसलाय."

त्यानंतर दिरांनी त्या वायरीवर एकही विनोद केला नाही. सासूबाई मात्र करत राहिल्या. त्यांना काही कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी जुना दात घासायचा ब्रश आणि थोडं स्पिरिट घेऊन ती पिन साफ केली. दोन्ही खोके बोलू लागले. संध्याकाळी यांनी टेप लावला, थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, "काल पूजेनंतर जास्त बरं वाजत होतं." सासूबाईंना काय आनंद झाला. तेव्हापासून दर खंडेनवमीला पांढऱ्या पिनेला हळद-कुंकू लागायचं, दसऱ्याला गवई मधोमध बसायचा आणि एकादशीला मी ब्रश घेऊन बसायचे. सासूबाई गेल्यावर कुंकू लावायचं कामही माझ्याकडे आलं. म्हणजे बिघडवायचंही मीच आणि दुरुस्तही मीच करायचं. मी थोडंसंच लावू शकले असते. का कुणास ठाऊक, मीही बोट भरूनच लावायचे.

यांनी नोकरी पूर्ण केली. शेवटची काही वर्षं ते स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाऐवजी दातात धरतात, असं त्यांच्या एका सोबत्यानं मला सांगितलं होतं. दातांतून थरथर कळते म्हणे. मी ते ऐकून घेतलं आणि घरी काही बोलले नाही. आमच्या संसारात न बोललेलं बरंच होतं. त्यातलं हे एक मला आता टोचतं. आपण त्यांना सांभाळलं, की त्यांना एकटं ठेवलं? डॉक्टरांकडे पुन्हा एकदा चला म्हणाले असते तर?

हे गेले त्याला अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळे यंदा सण नाही. पाट मांडला नाही, पाने पिशवीतच राहिले. दसऱ्याच्या दिवशी दीर रिकाम्या हातानं आले आणि भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "वहिनी, टेप लावता का?"

समाचाराला माणसं येत होती तेव्हा जागा व्हावी म्हणून कुणीतरी यांची खुर्ची भिंतीला सरकवली होती. ती मी ओढून पुन्हा जागेवर आणली. जागा शोधावी लागली नाही. शहाबादी फरशीवर चार पायांचे चार फिके डाग पडले आहेत. मी पाय त्या डागांवर ठेवले आणि खुर्ची तिरकी झाली. नीट समोर लावायला गेले तर पाय डागांवरून सरकत होते. तिला तिरकंच राहायचं होतं.

इतकी वर्षं मला वाटायचं की स्वयंपाकघर दिसावं म्हणून हे तसे बसतात. मी करपवलेल्या भाकरीवरून ते तिथूनच मला बोलायचे. आता मी स्वतः त्या खुर्चीत बसले. स्वयंपाकघराचं दार खरंच समोर दिसतं. आणि उजवा कान सरळ त्या दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर येतो.

डाग एका महिन्यात पडत नाहीत. म्हणजे आपल्या डाव्या कानाचं यांना ठाऊक होतं, आणि पुष्कळ आधीपासून. मग त्या दसऱ्याला डोळे मिटून ते नक्की काय ऐकत होते? आमची खोली अचानक गप्प झाली, तेही त्यांना ऐकू आलं असेल का? विचारायला आता कुणी नाही.

मी खुंटीवरची वायर काढून जोडली आणि टेप लावला. पिनेला कुंकू नव्हतं, त्यामुळे दोन्ही खोके वाजत होते. दसऱ्याच्या दिवशी ते तसे वाजलेले मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकले. तंबोरा होता, बारीक, गाण्याच्या मागे. दीर खाली मान घालून फरशीवरच्या डागांकडे बघत होते. त्यांनाही दिसलं असावं.

"कुठं बसलाय, वहिनी?" त्यांनी विचारलं.

मी यांच्यासारखाच हात पुढे केला.

"मधोमध," मी म्हटलं.